अळ्यांनी खावी म्हणून लावलेली वेल

फेब्रुवारीत आई सावंतवाडीहून आमच्याकडे आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन ती परसात गेली आणि कुंपणाच्या जाळीवर चढलेल्या वेलीपाशी थबकली. शेंड्याकडची कोवळी पानं गायब, मधल्या पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या, खाली काळ्या लेंड्यांचा सडा.

"अगं, किडीने पार फडशा पाडलाय हिचा. काही फवारत नाहीस का?"

"आई, किडीसाठीच लावलीय ती."

यावर तिने माझ्याकडे जसं बघितलं, तसं ती मी नववीत चित्रकलेला जाते म्हटल्यावर बघितलं होतं. मग मी तिला वेलीजवळ खुर्ची दिली आणि सांगायला बसले. तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. ब्रिस्बेनच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावर आम्ही राहतो. इथे आणि गोल्ड कोस्टकडे राहणाऱ्या ओळखीच्या मराठी घरांतून ही वेल कशी लावायची, अशी विचारणा अधूनमधून होत असते.

वेलीचं शास्त्रीय नाव पॅराअरिस्टोलोकिया प्रिव्हेनोसा. इथे सगळे तिला 'बर्डविंग व्हाइन' म्हणतात. आग्नेय क्वीन्सलंड आणि त्याला लागून असलेला न्यू साउथ वेल्सचा ईशान्य कोपरा, इथल्या सखल वर्षावनांत ती मूळची. ओढ्याकाठच्या काळ्या, भुसभुशीत मातीत उगवायचं, मोठ्या झाडाच्या आधाराने वर जायचं आणि उजेडात पोचलं की पसरायचं, असा तिचा रिवाज. दिसायला म्हणाल तर काही खास नाही. फुलं दोन-तीन सेंटिमीटरची, पिवळसर, आत जांभळट तपकिरी, पानांआड लपलेली. फुलांसाठी कुणी ही वेल लावणार नाही.

ती लावायची रिचमंड बर्डविंग या फुलपाखरासाठी. न्यू साउथ वेल्समधल्या रिचमंड नदीवरून हे नाव पडलं. नर काळा आणि त्यावर झळाळता हिरवा रंग, मोर उन्हात वळला की मान जशी चमकते तसा. मादी तपकिरी-काळी, पांढरट ठिपक्यांची, नरापेक्षा बरीच मोठी. ती अंगणातून गेली की पाखरूच गेल्यासारखं वाटतं. सखल भागात तिच्या अळ्या फक्त याच वेलीची पानं खातात. उंच डोंगरांवर या वेलीची एक बहीण आहे, पॅराअरिस्टोलोकिया लाहेयाना, तीही त्यांना चालते. तिसरा पर्याय नाही.

आता अळ्या एवढ्या हट्टी का, हे कळलं की वेलीची निगा कशी राखायची हे निम्मं आपोआप कळतं.

या कुळातल्या वनस्पतींच्या अंगात अरिस्टोलोकिक आम्ल नावाचं विष असतं. बहुतेक किडे त्यामुळे पानाला तोंडच लावत नाहीत. पण काही फुलपाखरांच्या अळ्यांनी हे विष पचवायची कला साधली आहे. त्या ते खातात, अंगात साठवतात, आणि मग अळीही कडू, कोषही कडू, फुलपाखरूही कडू. पक्ष्याने एकदा चोच मारली की पुन्हा त्या वाटेला जायचं नाव नाही. म्हणजे वेलीने संरक्षणासाठी केलेलं विष फुलपाखराने आपल्या संरक्षणाला वापरलं. मात्र एवढं एक कसब कमावताना बाकीच्या झाडांची पानं खायची सवय सुटली.

इथे आई खुर्चीत सरसावून बसली. "म्हणजे सापसंदासारखं?"

अगदी तसंच. आपली ईश्वरी, म्हणजेच सापसंद, याच कुळातली. कोकणात कुंपणाच्या कडेला, झुडपांत चढलेली ही वेल पाहिली असेल. कॉमन रोज आणि क्रिमसन रोज ही काळी-लाल फुलपाखरं तिच्यावर अंडी घालतात. आंबोलीत आणि गोव्याच्या रानांत दिसणाऱ्या सदर्न बर्डविंगच्या अळ्याही याच कुळावर वाढतात. ते फुलपाखरू रिचमंडपेक्षाही मोठं, मागचे पंख सोनेरी पिवळे. दोन्ही देशांतली ही मंडळी एकमेकांची चुलत भावंडंच.

विषयच निघाला आहे तर एक गोष्ट सांगून टाकते. ईश्वरीचं मूळ साप चावल्यावर उगाळून देतात असं आपल्याकडे ऐकलेलं असतं. हे अरिस्टोलोकिक आम्ल माणसाचं मूत्रपिंड कायमचं निकामी करतं आणि त्याने कर्करोगही होतो. बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत या कुळातली वनस्पती गेली होती. त्यामुळे बायकांची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं १९९३ मध्ये डॉक्टरांनी जगासमोर आणलं. तेव्हा ही वेल ईश्वरी असो की इथली, लावावी, बघावी, पोटात घेऊ नये. छाटणी करून झाली की मी हातही साबणाने धुते.

आता खरी गोम. दक्षिण अमेरिकेतून इथे शोभेसाठी आणलेली एक वेल आहे, 'डचमन्स पाइप'. आपल्याकडे बदकवेल म्हणून हौसेने लावतात, त्याच घराण्यातली. मोठी पसरट फुलं, पांढऱ्यावर लालसर तपकिरी नक्षी, मागे हुक्क्यासारखी वाकडी नळी. कुणालाही मोह पडावा अशी. बर्डविंगच्या मादीलाही पडतो. मादी पानावर उतरते आणि पुढच्या पायांनी पानावर टकटक करते. तिला पायाने चव कळते. पानात ओळखीचं रसायन सापडलं की हेच आपलं झाड असं समजून ती अंडं घालते. डचमन्स पाइपमध्ये ते रसायन आहेच. पण त्याबरोबर आणखी जे काही आहे, ते या अळ्यांना सोसत नाही. अळी पान खाते आणि मरते. मादीची काही चूक नाही, तिच्या पिढ्यांनी ही वेल कधी पाहिलेलीच नव्हती.

क्वीन्सलंडमध्ये डचमन्स पाइप विकायला किंवा कुणाला द्यायला कायद्याने मनाई आहे. तरी ती जुन्या कुंपणांवर, ओढ्यांच्या काठी आहेच. तिचं फळ वाळलं की उलट्या छत्रीसारखं उघडतं आणि हलकं बी वाऱ्यावर जातं. म्हणून बर्डविंगची वेल लावण्याआधी आपलं अंगण आणि आजूबाजूची कुंपणं नीट बघून घ्यावीत. बर्डविंगला बोलवायचं आणि शेजारी विषाचं ताट मांडून ठेवायचं, असं व्हायला नको.

ओळख सोपी आहे, एकदा हाताला कळली की झालं. डचमन्स पाइपचं पान रुंद, पिंपळपानाच्या नाहीतर मूत्रपिंडाच्या आकाराचं, गुळगुळीत. बर्डविंगच्या वेलीचं पान लांबट, वीतभर सुद्धा होतं. ते उलटं करून बोट फिरवा. शिरांची जाळी उठून आलेली असते, बोटाखाली खडबडीत लागते. 'प्रिव्हेनोसा' म्हणजेच भरपूर शिरांची. मी आईला डोळे मिटून दोन्ही पानं चाचपायला दिली. तिने पहिल्याच फटक्यात ओळखलं. दुसरं पान कुठून आणलं? आमच्या शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमागून. त्यांच्याकडे ती वेल वीस वर्षं होती, बायकोने लावलेली. काढा म्हणून सांगायला मला दोन वर्षं धीर झाला नाही. शेवटी एकदा मेलेली अळी हातावर घेऊन दाखवली. ते काही बोलले नाहीत. त्या शनिवारी कुदळीचा आवाज आला.

ही वेळ का आली, ते थोडक्यात. रिचमंड नदीच्या आसपास 'बिग स्क्रब' नावाचं सखल वर्षावन होतं, सुमारे ७५,००० हेक्टरांचं. एकोणिसाव्या शतकात आधी 'रेड सीडर'ची झाडं तोडायला माणसं आली, मग दुभत्या गाईंच्या कुरणांसाठी बाकीचं रान साफ झालं. आज त्यातलं एक टक्काही उरलेलं नाही. वेल गेली, तिच्यामागे फुलपाखरू गेलं. एके काळी ब्रिस्बेन शहरात दिसणारं हे पाखरू आता दोन तुकड्यांत उरलं आहे, एक सनशाइन कोस्टच्या मागच्या डोंगरांत, दुसरा गोल्ड कोस्टच्या डोंगरांपासून दक्षिणेकडे. मधे शहर. १९९० च्या दशकात सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी विज्ञान संस्थेचे कीटकशास्त्रज्ञ डॉन सॅन्ड्स यांनी शाळकरी मुलांना हाताशी धरून ही वेल लावायची मोहीम सुरू केली. शाळांच्या आवारांत तेव्हा लावलेल्या वेली आता झाडांच्या शेंड्याला पोचल्या आहेत. (जाता जाता: केरळच्या पाणथळी गिळणाऱ्या साल्व्हिनिया या तरंगत्या तणावर जो चिमुकला भुंगेरा सोडला, त्याला १९८५ साली शास्त्रीय नाव देणाऱ्या दोघांपैकी एक हेच सॅन्ड्स.)

तर लावायची कशी.

रोप घेताना आपल्याच भागातल्या बियांपासून केलेलं मागावं. देशी झाडांच्या नर्सरीत किंवा नगरपालिकांच्या रोपवाटिकांत चौकशी करावी. एकाऐवजी दोन-तीन रोपं घ्यावीत, कारण एकटी वेल भुकेल्या अळ्यांना पुरत नाही.

जागा निवडताना मोगऱ्याचा विचार डोक्यातून काढावा. हिला पायाशी सावली आणि डोक्यावर ऊन लागतं. रानात ती झाडांच्या बुंध्याशी, ओल्या पालापाचोळ्यात उगवते, म्हणून मुळं तापलेली तिला खपत नाहीत. पश्चिमेच्या भिंतीला टेकवून लावली तर दुपारच्या उन्हात पानं करपतात. पूर्वेची बाजू उत्तम. शेंड्याला सकाळचं ऊन मिळालं की पुरे.

आधार भक्कम हवा. सुरुवातीला तिचं खोड बोटाएवढंही नसतं, पण पुढे ते जाड होतं, बुचासारखी साल धरतं आणि मग नर्सरीतली बांबूची शिडी चिप्पाडासारखी मोडते. मी लोखंडी खांबांवर जाड जाळी ताणली आहे. झाडावर चढवायची असेल तर बुंध्याला चिकटवून लावू नये, तिथली सगळी ओल झाड पिऊन टाकतं. मीटर-दीड मीटर लांब लावावी आणि दोरीने वळवून फांदीकडे न्यावी. माझं स्वतःचं मत जाळीच्या बाजूने आहे. झाडावर गेलेली वेल दहा-बारा मीटर उंचीवर पोचते, मग अंडी, अळ्या, सगळा कारभार तिकडे वर, आणि आपण खाली मान वर करून उभे.

खड्ड्यात कंपोस्ट भरपूर घालायचं. वर वाळक्या पानांचा जाड थर द्यायचा, फक्त खोडाला टेकवायचा नाही, नाहीतर खोड कुजतं. खताबद्दल एक गैरसमज इथे घरोघरी ऐकू येतो: ऑस्ट्रेलियन झाडांना खत घालू नये, फॉस्फरसने मरतात. बँक्सिया, ग्रेव्हिलिया यांच्याबाबतीत ते खरं आहे. त्यांची मुळं इथल्या फार जुन्या, निकस मातीत फॉस्फरसचा कण न् कण ओढून घ्यायला सरावलेली, जास्त मिळाला की त्यांना तो झेपत नाही. पण ही वेल वर्षावनातली. तिथे वर्षभर पानं पडतात, कुजतात, मातीत जातात. तिला खाणं चालतं, आवडतं. वसंत सुरू झाला की, म्हणजे इथल्या हिशोबाने सप्टेंबरात, आणि पुन्हा जानेवारीत मी कोंबडीखत थोडं थोडं घालते.

पाणी. पहिली दोन वर्षं कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा खोलवर भिजेल इतकं. रोज शिंपडू नये, त्याने मुळं वरच राहतात.

खत आणि पाणी यांचा एवढा पाल्हाळ लावण्याचं कारण वेल मरेल हे नाही. ही वेल चिवट आहे, उपेक्षेतही जगते. प्रश्न पानांचा आहे. अंड्यातून नुकती निघालेली अळी तांदळाच्या दाण्याहून फार मोठी नसते. तिचा जबडा जून पानात शिरत नाही. तिला कोवळंच पान लागतं, केळीच्या नव्या सुरळीसारखं मऊ. पाऊस लांबला की वेल नवी फूट काढणं थांबवते, आहे ती पानं चामड्यासारखी निबर होतात, आणि हिरवीगार वेल समोर असताना अळ्या उपाशी मरतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, वेल तर छान आहे. म्हणून या वेलीची तब्येत हिरवेपणावर ठरवायची नाही. चिमटीत शेंड्याचं पान धरून बघायचं, भाजी निवडताना माठाचा देठ बघतो तसं. अधूनमधून दोन-चार शेंडे हलकेच खुडले तर बाजूने नवी फूट येते.

आणि धीर धरायचा. पहिलं वर्षभर ती जमिनीखालीच काय ते काम करते, वर दिसायला काही नाही. माझ्याकडे दुसऱ्या उन्हाळ्यात जेमतेम कंबरेएवढी झाली होती. नवरा म्हणाला, काढ, मधुमालती लाव. तिसऱ्या वर्षी ती जाळीच्या वर गेली.

बियांपासून रोप करायचं तर आधी वेलीने फळ धरायला हवं, आणि त्यासाठी खोड पिकायला काही वर्षं जावी लागतात. या कुळातलं फूल म्हणजे सापळा असतो. नळीच्या वासाने बारीक चिलटं आत शिरतात, आतले केस त्यांना मागे फिरू देत नाहीत. चिलटाच्या अंगावरचा पराग तिथे लागतो. मग फुलाचे स्वतःचे पराग तयार होतात, ते चिलटाला माखतात, केस सुकतात आणि कैदी सुटतो, तो पुढच्या फुलात अडकायला. चिलटं ओल्या पालापाचोळ्यात वाढतात, म्हणून वेलीखालची जमीन झाडून लख्ख ठेवू नये. आईला हे काही केल्या पटलं नाही. फळ पिकलं की पिवळसर नारिंगी होतं. बी ताजं असतानाच गर धुऊन पेरावं, ठेवून ठेवून वाया जातं. फाटेही लागतात, पण एकाच वेलीचे फाटे गावभर वाटले तर सगळीकडे एकच वेल होते, म्हणून बियांची रोपं बरी.

हीच गोष्ट फुलपाखरांच्या बाबतीत जास्त गंभीर आहे. रानाचा तुकडा लहान राहिला की त्यातली फुलपाखरं दोन-चार पिढ्यांत सगळी सख्खी-चुलत होतात. आपल्याकडे सगोत्र विवाह टाळतात त्यामागचा हिशोब इथे कुणी बसवलेला नाही. भावाबहिणींचे जोड लागत गेले की अंडी फुटत नाहीत, अळ्या रोगट निघतात आणि वेल शाबूत असूनही फुलपाखरू त्या जागेवरून नाहीसं होतं. यावर उपाय म्हणून क्वीन्सलंडमध्ये निरनिराळ्या ठिकाणच्या फुलपाखरांची एकत्र पैदास करून ती रानात सोडली आहेत. दुसरा उपाय आपल्या हातातला, दोन रानांच्या मधल्या परसांतून वेली लावत जाणं, म्हणजे मादी टप्प्याटप्प्याने एका रानातून दुसऱ्यात पोचेल. एका परसातल्या वेलीला म्हणूनच एकटीला फारसा अर्थ नाही. गल्लीत तीन घरी असेल तर आहे. शेजारच्या आजोबांना मी रोप नेऊन दिलं ते काही निव्वळ शेजारधर्म म्हणून नव्हे.

अळ्या आल्या की काय करायचं? काहीच नाही, आणि तेच जड जातं. फवारणी अर्थातच बंद, कडुनिंबाचं तेलसुद्धा. मावा दिसला तर पाण्याच्या धारेने धुवायचा. अळ्या एका पानावरून उचलून दुसऱ्यावर ठेवायचा मोह आवरायचा. फुलपाखरू संरक्षित आहे, परवानगीशिवाय पकडायचं, पाळायचं नाही. मोठी अळी बोटाएवढी, काळपट, अंगावर मांसल काट्यांच्या रांगा. तिला डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. आईने डिवचलं. "शी," म्हणाली, आणि पुन्हा डिवचलं. या अळ्या एकमेकींना, शिवाय वाटेत आलेली अंडीही खातात. कधीकधी मोठी अळी कोवळं खोडच गोल कुरतडते आणि वरचा सगळा भाग मान टाकतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी रडकुंडीला आले होते. खाली मुळाशी जोर असेल तर वेल पुन्हा फुटते, आमची फुटली.

कोष मात्र बहुतेकदा वेलीवर नसतो. पोट भरलेली अळी वेल सोडून चालू लागते आणि शेजारच्या कुठल्यातरी झाडाच्या पानाखाली जाऊन कोष करते. कोष हिरवट, वाळत चाललेल्या पानासारखा. उन्हाळ्यात काही आठवड्यांत फुटतो, पण हंगामाच्या शेवटचे कोष अख्खा हिवाळा तसेच लटकून राहतात. नेमके त्याच महिन्यांत इथले लोक बाग छाटतात.

महाराष्ट्रात वाचणाऱ्यांपैकी कुणाला मोह झाला असेल तर, ही वेल तिकडे नेऊ नका. तिला खाणारं कुणी तिकडे नाही, आणि मोकाट वाढली तर तिकडच्या रानात तीच डचमन्स पाइप ठरेल. ईश्वरी लावा. ऊन, सावली, पानांचा थर, हा सगळा हिशोब थोड्याफार फरकाने तिलाही लागू पडतो, आणि तिच्यावर बसायला फुलपाखरं तयार आहेत.

आई मार्चच्या अखेरीस परत गेली. जूनमध्ये तिचा फोटो आला, विहिरीच्या कठड्याजवळ फुटलेली सापसंदाची वेल, आणि खाली एकच ओळ: 'बेणणाऱ्या गड्याला सांगितलंय, हिला हात लावायचा नाही.'

इकडे लिंबाच्या झाडावर, खालून तिसऱ्या फांदीला, एक कोष लटकतो आहे. त्या फांदीला मी लाल दोरा बांधला आहे, कारण नवऱ्याने गेल्या आठवड्यात कात्रीला धार लावून आणली.